सिलिकनचे प्रतिस्पर्धी

एकाच वर्षी घडलेल्या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे कळायला कधी कधी शे-दीडशे वर्षे जावी लागतात. १८३९ साली पॅरिसमध्ये एदमाँ बेकेरेल या एकोणीस वर्षांच्या तरुणाला असे आढळून आले की, विशिष्ट द्रावणात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला म्हणजे वीज उत्पन्न होते. त्याच वर्षी गुस्टाव्ह रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने उरल पर्वतातून आलेल्या एका खनिजाचे वर्णन केले आणि रशियातील एक सरदार व खनिजसंग्राहक लेव्ह पेरोव्हस्की यांच्या नावावरून त्याला ‘पेरोव्हस्काइट’ असे नाव दिले. पहिली घटना सौरघटाचा जन्म म्हणून विज्ञानाच्या इतिहासात नोंदली गेली. दुसरी खनिजांच्या यादीतच राहिली. पुढे २००९ साली जपानमध्ये योकोहामा येथे मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खनिजासारखीच अणुरचना असलेले, परंतु शिसे व आयोडीन यांपासून प्रयोगशाळेत सिद्ध केलेले एक द्रव्य सौरघटात वापरून पाहिले, तेव्हा या दोन वाटा १७० वर्षांनी एकत्र आल्या. त्या घटावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी अवघ्या ३·८ टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर झाले. आज त्याच कुळातील द्रव्याकडे साऱ्या जगातील कारखानदार आणि सरकारे डोळे लावून बसली आहेत. त्यांची ही आशा बाजारात कितपत टिकेल, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

बाजारात सध्या राज्य आहे ते सिलिकनचे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चेपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट जगाला दाखविला. त्याची कार्यक्षमता होती सुमारे ६ टक्के. चारच वर्षांनी तो ‘व्हॅनगार्ड’ या उपग्रहावर बसून अंतराळात गेला. तेथे विजेला दुसरा पर्याय नसल्यामुळे किमतीचा प्रश्न कोणी विचारीत नसे. जमिनीवर मात्र १९७७च्या सुमारास एका वॅटमागे सत्तर डॉलरांहून अधिक खर्च येई. त्या भावात घरात दिवा लावणे हे राजेरजवाड्यांनाही परवडले नसते. २०२४ मध्ये चिनी पॅनेलांचा भाव एका वॅटमागे दहा अमेरिकी सेंटांच्या आसपास आला होता. म्हणजे सत्तर रुपयांची वस्तू दहा पैशांना मिळू लागावी, तसा हा प्रकार झाला. आधुनिक उद्योगाच्या इतिहासात अशी घसरण फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला आली असेल. जगात बनणाऱ्या सौरघटांपैकी शंभरातील पंचाण्णवांहून अधिक सिलिकनचेच असतात, याचे इंगित या आकड्यात आहे.

गंमत अशी की, प्रकाश शोषून घेण्याच्या कामी सिलिकन हे काही आदर्श द्रव्य नव्हे. ऊन नीट पकडण्यासाठी त्याचा जाड काप लागतो. तो काप तयार करावयाचा तर वाळूतील सिलिकन वितळवून अत्यंत शुद्ध करावे लागते, त्याचा स्फटिक वाढवावा लागतो आणि मग तो तारेने कापावा लागतो. या साऱ्यात उष्णता आणि वीज भरपूर खर्ची पडते. पेरोव्हस्काइटचा थर याच्या काही शतांश जाडीचा असला तरी पुरतो. शिवाय तो शाईसारखा काचेवर किंवा पातळ प्लॅस्टिकवर पसरून थोड्याशा उष्णतेवर वाळविता येतो. त्यामुळे ‘सौरघट वर्तमानपत्रासारखे छापले जातील’ अशी भाषा उत्साही लोक करू लागले. सिलिकनला ६ टक्क्यांपासून २४ टक्क्यांपर्यंत येण्यास चार दशके लागली. पेरोव्हस्काइटच्या घटांनी ३·८ पासून निघून दीड दशकात २६ टक्क्यांची पायरी ओलांडली. शास्त्रज्ञ हुरळून गेले यात नवल नाही.

परंतु व्यापाराने हुरळून जाण्यापूर्वी जुन्या वह्या चाळाव्यात. सिलिकनला आव्हान देणारे पेरोव्हस्काइट हे काही पहिलेच द्रव्य नव्हे. १९७६ साली कार्लसन आणि व्रोन्स्की यांनी अस्फटिक सिलिकनचा पातळ घट बनविला. तो स्वस्त होता. पण पुढच्याच वर्षी असे उघडकीस आले की, उन्हात ठेवले म्हणजे त्याची शक्ती काही अंशी क्षीण होते. ज्या प्रकाशावर जगावयाचे त्याच प्रकाशाने खंगावे, असे त्याच्या नशिबी आले. अखेर हिशेबाच्या छोट्या यंत्रांवर, म्हणजे जेथे थोडी वीज पुरते आणि ऊन फारसे लागत नाही अशा ठिकाणी, त्याने आपले बस्तान बसविले. मोठ्या वीज-केंद्रांचा बाजार त्याला कायमचा असा मिळाला नाही.

तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांच्या मिश्रद्रव्याची कथा अधिक बोधक आहे. कॅलिफोर्नियातील सोलिंड्रा ही कंपनी २००५ साली निघाली. काचेच्या नळ्यांवर या मिश्रद्रव्याचा लेप देऊन ती पॅनेल बनवीत असे. २००८ साली शुद्ध सिलिकनचा तुटवडा पडून त्याचा भाव किलोमागे चारशे डॉलरांच्या वर गेला होता, आणि सिलिकन न लागणारा घट म्हणजे हमखास नफा असे सर्वांना वाटू लागले होते. २००९ साली अमेरिकी सरकारने या कंपनीच्या ५३ कोटी ५० लक्ष डॉलरांच्या कर्जाला हमी दिली. परंतु भाव चढलेले पाहून सिलिकनचे नवे कारखाने उभे राहिले, आणि २०११ अखेर तोच भाव तीस डॉलरांच्या आसपास घसरला. कंपनी त्याआधीच, सप्टेंबरात, दिवाळखोरीत निघाली होती. तिच्या नळ्या वीज देत नव्हत्या असे नाही. त्या वीज देतच होत्या. चुकला तो हिशेब. आपला प्रतिस्पर्धी आहे तेथेच उभा राहील असे गृहीत धरून तो मांडला होता. जपानमध्ये याच कुळातील द्रव्यावर दीर्घकाळ चिकाटीने काम करणाऱ्या सोलर फ्रंटियर या कंपनीनेही २०२२ साली आपले उत्पादन थांबविले.

सेंद्रिय द्रव्यांच्या घटांची हकीगत भारतीय श्रोत्याला विशेष जवळची वाटेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २००१ साली एक कंपनी स्थापन झाली आणि तिचे नाव ठेवण्यात आले ‘कोनार्का’. ओडिशातील सूर्यमंदिरावरून हे नाव आले, कारण तिच्यामागचे मूळ संशोधन सुकांत त्रिपाठी या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतील होते. ते मात्र कंपनी उभी राहण्यापूर्वीच निवर्तले. रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविलेले ॲलन हीगर हे तिच्या संस्थापकांपैकी एक. नाव थोर, माणसे थोर, भांडवलही पुष्कळ; पण घटांची कार्यक्षमता थोडी आणि आयुष्यही थोडे. २०१२ साली तीही मिटली.

या सर्व पडझडीत एकच द्रव्य तगून राहिले, ते म्हणजे कॅडमियम टेल्युराइड. त्याचे श्रेय बहुतांशी फर्स्ट सोलर या एकाच अमेरिकी कंपनीला जाते. एकाच द्रव्यावर दोन-अडीच दशके तपश्चर्या करावी, जुनी पॅनेले परत घेऊन त्यांतील द्रव्य पुन्हा वापरण्याची व्यवस्था स्वतःच उभारावी, आणि तप्त व दमट हवेत आपला माल सिलिकनपेक्षा कमी दमतो हे वर्षानुवर्षांच्या मोजमापांनी दाखवावे, असा तिचा मार्ग होता. २०२४च्या जानेवारीत तमिळनाडूत तिचा ३·३ गिगावॅट वार्षिक क्षमतेचा कारखाना सुरू झाला. मात्र यातही एक मेख आहे. टेल्युरियम हे विरळ मूलद्रव्य असून ते मुख्यतः तांब्याच्या शुद्धीकरणात उपउत्पादन म्हणून मिळते. तांब्याच्या खाणी जेवढे देतील तेवढेच घ्यावयाचे, अशी ही परावलंबी समृद्धी आहे.

भारताच्या धोरणाशी या पातळ घटांचा एक जुना संबंध आहे आणि तो सांगण्याजोगा आहे. २०१० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले. देशी उद्योगाला उत्तेजन मिळावे म्हणून पहिल्या टप्प्यात अशी अट घालण्यात आली की, स्फटिक सिलिकनची पॅनेले वापरावयाची असतील तर ती देशात बनलेली असली पाहिजेत; पुढच्या फेरीत ही अट घटांनाही लागू झाली. पातळ थरांच्या घटांना मात्र तीतून मोकळीक होती. परिणाम काय व्हावा? विदेशी पातळ घटांसाठी अमेरिकेच्या निर्यात बँकेचे कमी व्याजाचे कर्ज मिळत होते. साहजिकच भारतातील कंत्राटदारांनी त्यांची निवड केली, आणि देशातील पातळ घटांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून कितीतरी वर गेले. द्रव्याचे गुणावगुण कोणी तोलले नव्हते. तोलला होता तो नियमाचा एक शब्द. देशी मालाच्या त्या अटीविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २०१६ साली निकाल भारताच्या विरुद्ध गेला. कचेरीत बसून लिहिलेले वाक्य एखाद्या द्रव्याची बाजारपेठ कशी घडवू किंवा मोडू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. शासनव्यवहाराचे शिक्षण घेणाऱ्यांना ते अभ्यासाला लावावे, असे आहे.

आता पेरोव्हस्काइटकडे वळू. त्याचे वैगुण्य एका शब्दात सांगावयाचे तर ते नाजूक आहे. दमट हवेने ते विघटित होते. उष्णतेने त्याच्यातील काही घटक उडून जातात. आणि प्रकाश व विद्युत्‌दाब यांच्या प्रभावाखाली त्यातील भारित कण आपली जागा सोडून भटकू लागतात. ओलावा बाहेर ठेवता येतो. दोन काचांच्या मध्ये थर बसवून कडा बंद केल्या की पुष्कळ काम होते. आतल्या आत चालणारी ही भटकंती थांबविणे मात्र कठीण असते, आणि आजचे बरेचसे संशोधन याच दिशेने चालले आहे.

पॅनेल बाजारात येण्यापूर्वी त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणांप्रमाणे काही कसोट्या द्याव्या लागतात. त्यांपैकी एकीत ८५ अंश सेल्सिअस तपमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत ते १,००० तास ठेवतात. एक हजार तास म्हणजे सुमारे बेचाळीस दिवस. सिलिकनच्या पॅनेलला कारखानदार हमी देतो ती पंचवीस किंवा तीस वर्षांची; पंचवीस वर्षांचे तास होतात दोन लाख एकोणीस हजार. बेचाळीस दिवसांच्या छळावरून पंचवीस वर्षांच्या आयुष्याचे भविष्य वर्तविता येते, ते सिलिकनच्या बाबतीत. कारण उन्हात दशकेच्या दशके उभी असलेली सिलिकनची पॅनेले तपासून त्या कसोटीचा अर्थ लावता आला आहे. पेरोव्हस्काइटचे असे वृद्ध पॅनेल जगात कोठेही नाही. ही उणीव कितीही पैसा खर्चून एका वर्षात भरून काढता येत नाही.

टिकाऊपणाचा हा प्रश्न पैशात कसा उतरतो, हे एका कल्पित हिशेबाने पाहावे. समजा, सिलिकनचे एक पॅनेल २४ टक्के कार्यक्षमतेचे आहे आणि दर वर्षी आदल्या वर्षाच्या शक्तीपैकी अर्धा टक्का गमावते. दुसरे नवे पॅनेल ३० टक्क्यांचे, म्हणजे आरंभी सव्वापट वीज देणारे आहे. परंतु ते दर वर्षी २ टक्के गमावते. पंचवीस वर्षांची एकूण वीज मोजली तर नव्या पॅनेलची ती सव्वापट आघाडी वितळून अवघी ५ टक्के उरते. वार्षिक घट ३ टक्के झाली, तर नवे पॅनेल जुन्याच्या मागेच पडते. वीजखरेदीचे करार बहुधा पंचवीस वर्षांचे असतात आणि कर्जाची परतफेड त्याच विजेच्या उत्पन्नातून व्हावयाची असते. तेव्हा बँकेचा अधिकारी उच्चांकांच्या बातम्या वाचून प्रभावित होत नाही, यात त्याचा अडाणीपणा नसून व्यवहार आहे.

मग या द्रव्याला व्यापारी भवितव्य नाहीच काय? तसे म्हणता येणार नाही. मात्र आरंभी जे वाटले होते, की स्वस्ताईच्या बळावर पेरोव्हस्काइट सिलिकनला हुसकावून लावील, ती आशा आता जवळजवळ मावळली आहे. दहा सेंटांच्या वस्तूला स्वस्ताईत हरविणार कसे? आज सौर केंद्राच्या खर्चात पॅनेलापेक्षा जमीन, लोखंडी सांगाडे, तारा, मजुरी आणि व्याज यांचाच वाटा मोठा होत चालला आहे. हे सारे खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतात. म्हणून तेवढ्याच जागेत अधिक वीज देणाऱ्या पॅनेलला थोडी अधिक किंमत देणे परवडू शकते. एकट्या सिलिकनच्या घटाला मात्र सुमारे २९ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, असे भौतिकशास्त्राचे बंधन आहे. या कोंडीतून निघालेली युक्ती म्हणजे दोघांना एकावर एक बसविण्याची. वरच्या पेरोव्हस्काइटने निळा-हिरवा प्रकाश घ्यावा आणि तांबडा व त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश खालच्या सिलिकनला सोडावा. अशा जोडघटाने चीनमधील लाँगी कंपनीच्या प्रयोगशाळेत २०२५ साली ३४·८५ टक्क्यांपर्यंत मजल मारली. प्रतिस्पर्ध्याने प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर बसावे, असा हा तह आहे.

या मार्गाने प्रत्यक्ष बाजारापर्यंत पोहोचलेली पहिली कंपनी म्हणजे ऑक्सफर्ड पीव्ही. २०१६ साली तिने जर्मनीत ब्रांडेनबुर्ग येथील एक कारखाना विकत घेतला. तो मुळात बॉश कंपनीचा होता आणि त्यात वर उल्लेखिलेल्या तांबे-इंडियम कुळातील पातळ घट बनत. एका द्रव्याची आशा जेथे विझली तेथेच दुसरीने चूल पेटविली, असे म्हणावयास हरकत नाही. त्या चुलीवरचा पहिला माल अमेरिकेतील एका वीजकंपनीकडे रवाना झाला तो २०२४च्या सप्टेंबरात, आठ वर्षांनी. आणि त्या पॅनेलांची कार्यक्षमता होती २४·५ टक्के. सिलिकनच्या उत्तम पॅनेलांच्या किंचितच पुढे. प्रयोगशाळेतील नखाएवढ्या घटापासून खांद्याएवढ्या उंचीच्या पॅनेलापर्यंतच्या प्रवासात किती झीज होते, ते या दोन आकड्यांमधील अंतरावरून कळावे. चीनमध्ये २०२५ साली गिगावॅट क्षमतेचे पेरोव्हस्काइटचे कारखाने सुरू झाले. तेथील सरकार आणि उद्योजक तोटा सोसून शिकण्यास तयार असतात. इतरांना ती चैन परवडेलच असे नाही.

जपानने वेगळी वाट निवडली आहे. तेथे सपाट जमीन थोडी, आणि जुन्या गोदामांची व कारखान्यांची छपरे जड काचेचा भार पेलण्याजोगी नाहीत. म्हणून सेकिसुई केमिकल ही कंपनी लवचीक प्लॅस्टिकवर पेरोव्हस्काइटचा थर देऊन गुंडाळता येणारी पॅनेले बनविते. २०२५च्या ओसाका प्रदर्शनात बसस्थानकाच्या छपरावर ती अडीचशे मीटर लांबीत बसविली होती. अशा पॅनेलांची कार्यक्षमता सुमारे १५ टक्के आणि अपेक्षित आयुष्य दहा वर्षांच्या घरातले. सिलिकनशी तुलना केल्यास ही पिछाडीच. परंतु ज्या छपरावर सिलिकन चढूच शकत नाही तेथे तुलना करावयाची कोणाशी? शिवाय या द्रव्याला लागणाऱ्या आयोडीनच्या उत्पादनात जपानचा जगात दुसरा क्रमांक आहे. २०४० पर्यंत अशी २० गिगावॅट क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट तेथील सरकारने ठरविले आहे. आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, याचा विचार करून आखलेले असे धोरण क्वचित पाहावयास मिळते.

भारताची गरज जपानसारखी नाही. येथील सौर वीज-क्षमतेने २०२५च्या आरंभी १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला, आणि तिचा मोठा भाग राजस्थान-गुजरातच्या माळांवर आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० पासून प्रकाशविद्युत संशोधनाचे एक राष्ट्रीय केंद्र आहे. सिलिकनवर पेरोव्हस्काइट बसविण्याचे काम या संस्थेत चालू आहे. परंतु त्या केंद्राने केलेले दुसरे एक काम, वर्तमानपत्रांतून फारसे न गाजलेले, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे म्हणावे लागेल. २०१३ पासून काही वर्षांच्या अंतराने या मंडळींनी देशाच्या निरनिराळ्या हवामानांत हिंडून, उन्हात उभी असलेली पॅनेले एक-एक करून तपासली. उष्ण प्रदेशांतील पॅनेले थंड प्रदेशांतल्यापेक्षा लवकर झिजतात, आणि जमिनीवरील मोठ्या केंद्रांपेक्षा घरांच्या छपरांवरील लहान संचांची स्थिती वाईट असते, असे त्यांना आढळले. ही पॅनेले मुख्यतः सिलिकनची, म्हणजे मजबूत समजल्या गेलेल्या द्रव्याची होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. युरोपातील सौम्य उन्हात बेतलेली हमी मराठवाड्याच्या मे महिन्यात कितपत लागू पडेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

शिशाचा प्रश्न पुष्कळांना भेडसावतो, पण तो त्या मानाने सोपा आहे. एका चौरस मीटर पेरोव्हस्काइटमध्ये शिसे असते ते एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. अडचण अशी की, ते पाण्यात विरघळण्याजोग्या रूपात असते. पॅनेल फुटून पावसात पडले तर ते मातीत उतरू शकते. २०२२च्या ई-कचरा नियमांनी सौर पॅनेलेही आपल्या कक्षेत घेतली आहेत, तेव्हा कायद्याची चौकट आहे. फुटके पॅनेल शेताच्या बांधावरून उचलून कारखान्यात परत कोण नेणार, हे मात्र अजून ठरावयाचे आहे.

सरकारने २०२१ आणि २०२२ मध्ये मिळून चोवीस हजार कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना सौर पॅनेलांसाठी जाहीर केली. ती उचितच होती. परंतु नव्या द्रव्यासाठी तशाच मोठ्या हमीची घाई करणे म्हणजे सोलिंड्राचा पाठ पुन्हा गिरविणे होईल. त्याऐवजी, नव्या जोडघटांची दोन-पाच मेगावॅटची केंद्रे जैसलमेरच्या वाळूत, कोकणच्या किनाऱ्यावर, लडाखच्या थंडीत आणि ईशान्येच्या पावसात आजच उभी करावीत. त्यांची वीज चढ्या दराने, पण मोजक्या प्रमाणात, सरकारी वीजकंपन्यांनी विकत घ्यावी. आणि त्यांच्या झिजेचे आकडे दर वर्षी सर्वांसाठी खुले ठेवावेत. यास येणारा खर्च एका मोठ्या कारखान्याच्या अनुदानापुढे किरकोळ आहे. त्या केंद्रांच्या निविदांत एक कलम मात्र स्पष्ट असावे. पॅनेल बाराव्या वर्षी बंद पडले आणि ते बनविणारी कंपनीच तोवर उरली नाही, तर नुकसान कोणी सोसावयाचे? कंत्राटदाराने, बँकेने, विमा कंपनीने की वीजग्राहकाने? याचे उत्तर करारावर सही होण्यापूर्वी लिहिलेले असेल, तर पहिल्या पाच उन्हाळ्यांचे आकडे हाती येताच मोठ्या कर्जाचा अर्ज घेऊन बँकेच्या दारात उभे राहता येईल.